सोयाबीनच्या मेणाची मेणबत्ती

आमच्या शिवारात जिकडे पाहावं तिकडे सोयाबीन, पण सोयाबीनच्या मेणाची मेणबत्ती मालेगावच्या एकाही दुकानात मिळत नाही. ती मोबाइलवरून मागवावी लागते, आणि पार्सल आलं की "काय आलं वो?" म्हणणाऱ्या अख्ख्या गल्लीला तोंड द्यावं लागतं. आता मला ती कशाला लागते तेही सांगते. ती पेटवून नवऱ्याने वितळलेल्या मेणाचे थेंब माझ्या पाठीवर टाकलेले मला आवडतात. चटका बसतो, लगेच निवतो, आणि दिवसभर वाकून वांगी तोडून आखडलेली मी जागच्या जागी सैल होते. मीच त्याला हे सुचवलं होतं. तो बिचारा आधी घाबरलाच. "कोनाले समजलं त मले जोड्यानं हानतीन," म्हणाला.

मग आम्ही नियम ठरवले. मेण हेच, कारण ते कमी तापतं. पहिला थेंब त्याच्या मनगटावर. जवळ थंड पाणी. आणि मी "मोटर बंद" म्हटलं की हात तिथंच थांबला पाहिजे. भाजीपाल्याच्या मळ्यातली माणसं आम्ही, आम्हाला दुसरा कोणता शब्द सुचणार! हा शब्द त्याने एकदाही मोडला नाही.

अडचण एकच, सवड. सासरे जाऊन बरीच वर्षं झाली, घरात आम्ही तिघंच. पण सासूचे कान असे की मांजर भिंतीवरून गेलं तरी विचारते. ती आठवडी बाजारात भाजी घेऊन बसते, तराजू दुसऱ्या कोणाच्या हाती देत नाही, तेवढी दुपार काय ती आमची.

अशाच एका बाजाराच्या दुपारी मी डबा काढला. पत्र्याचा पसरट डबा, आत पांढरं मेण. डबा तोच, म्हणून नवऱ्याने मनगटावर थेंब घेऊन पाहिलंच नाही. दोन-तीन थेंब पडले आणि मी ओरडले, "मोटर बंद!" त्याने डबा बाजूला टाकला, पाणी ओतलं, ओला फडका धरला, आणि मग माझ्यापेक्षा तोच रडकुंडीला आला. मी त्याला चांगलं झापलं. फोड यायचे ते आलेच.

संध्याकाळी सासू परतली तेव्हा मी सहज विचारल्यासारखं डब्याचं विचारलं. ती खूश होऊन म्हणाली, "लाइन गेली होती तवा जाळली म्या तुही मेनबत्ती. सरली. मंग दुकानातल्या आनल्या, वितळवल्या, वात घातली अन् डबा भरून ठेवला. वळखू आलं काय तुले?"

कसं ओळखू येणार? बाईचा हात सफाईचा. उसनी वाटीभर साखर आणली तर शीग लावून परत करणारी ही बाई सुनेची वस्तू रिकामी कशी ठेवील? दुकानातलं कडक मेण किती तापतं हे तिला सांगावं, तर मग सगळंच सांगावं लागतं. मी "छान झालं" म्हणाले आणि मनातल्या मनात कपाळ बडवून घेतलं.

आमच्याकडे डोक्यावरून न्हायचं असलं की बायका एकमेकींची पाठ घासून देतात. मी सर्दीची सबब सांगितली, सासूने तिला भीक घातली नाही. ती माझ्या मागे बसली, आणि घासता घासता तिचा हात थांबला. ती तशीच उठून गेली. मी न्हाणीतून बाहेर येईपर्यंत ओट्यावर नवऱ्याची बिनपाण्याची हजामत सुरू झाली होती.

"बापाचंच रगत शेवटी! बायकोच्या पाठीले चटके देऊन राह्यला तू?"

नवरा मान खाली घालून उभा. चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि इथं तर चोरही नव्हता. माझ्या डोक्यात तिडीक गेली. ओल्या केसांनी तशीच मी मध्ये पडले. "आई, त्यायले काही बोलू नोका. मीच म्हनलं होतं त्यायले. मले आवडते ते."

सासूने माझ्याकडे इतक्या कीवेने पाहिलं की मला किंचाळावंसं वाटलं.

"मीबी असंच सांगत होती," ती म्हणाली. "तुह्या सासऱ्यानं बिडीचे चटके देल्ले, अन् कोनी इचारलं की सांगत होती, माह्याच हातानं भाजलं."

तिच्या पाठीवरचे ते बारके डाग मी लग्न झाल्यापासून घासत आले होते. देवीचे व्रण समजत होते.

"थांबा म्हनलं की थांबतात हे, आई. खरंच."

"असा मानूस म्या नाही पाह्यला," ती म्हणाली, आणि विषय संपला. तिचं खोटं आणि माझं खरं सारखंच ऐकू येत होतं. त्याला मी काय करणार होते?

पुढच्या बाजाराच्या दिवशी मेथी-कोथिंबिरीच्या जुड्या बांधून टोपल्या ओट्यावर तयार होत्या. ऑटोवाला हॉर्न वाजवून वाजवून निघून गेला. सासू उंबऱ्यात बसून राहिली, मी आत, नवरा बाहेर. मला तिचा इतका संताप आला की टोपली लाथेने उडवावी, आणि तिच्या पाठीवरून हात फिरवावा असंही वाटत होतं. दोन्हींतलं एकही करता येईना.

"आई, भाजी कोन इकनार?" मी विचारलं.

कोथिंबिरीची सुकलेली काडीही वाया न घालवणाऱ्या त्या बाईने लेकावरची नजर हलवली नाही.

"सडू दे," ती म्हणाली.