प्राप्तिस्थान अज्ञात

आमच्या लंडनच्या पिनर भागातल्या काकांइतक्या निर्दयपणे दगडांचा, आणि दगडांच्या मालकांचा, न्याय करणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. नात्याने ते माझे कोणी नव्हते; भिंतीला भिंत लागून घर, एवढेच. निवृत्तीपर्यंत ते एका संग्रहालयात जीवाश्मांचे वैज्ञानिक मूल्य ठरवीत. पुढे तेच काम घरोघरी जाऊन फुकट करीत. त्यांचा नियम पाढ्यासारखा पक्का होता: जीवाश्म कोणत्या कड्यातून, कोणत्या थरातून निघाला हे त्याला चिकटवलेल्या चिठ्ठीवर नसेल, तर तो पुरावा नव्हे, शोभेची वस्तू. हाउन्सलोच्या एका डॉक्टरांनी जेवणानंतर मोठ्या कौतुकाने आपला ताटाएवढा अमोनाइट, म्हणजे दगड झालेला प्राचीन शंख, पुढे केला. काकांनी तो उलटा करून पाहिला.

"चिठ्ठी?"

"ऑनलाइन घेतलाय, काका."

"मग दार अडवायला उत्तम."

त्या घरचे आमंत्रण पुन्हा आले नाही. ईलिंगच्या बाजारात कोथिंबिरीची जुडीही ते 'कुठली?' असे विचारल्याशिवाय घेत नसत, आणि त्यांच्या लोणच्याच्या बरणीवरसुद्धा कैरी कुठली, मीठ कोणी घातले, अशी चिठ्ठी असे.

कर्करोग यकृतात पोचल्याचे कळल्यावर त्यांनी आयुष्यभराचा संग्रह जुन्या संग्रहालयाला द्यायचे ठरवले. त्यांच्याच हाताखाली शिकलेल्या बाई तो तपासायला येणार होत्या. आदल्या दिवशी काकूंनी, पाहुणे येणार आणि दिवाळीची आवराआवरही राहिलेली म्हणून, सारे दगड बाथटबमध्ये साबणाच्या कोमट पाण्यात भिजत घातले. चिकटवलेल्या चिठ्ठ्यांचा लगदा झाला. वही हरवते, दगड हरवत नाही, या काकांच्या मतामुळे दुसरी नोंद कुठेच नव्हती.

मी म्हटले, "काका, तुम्हाला एकेक दगड आठवतो. सांगा, मी लिहितो."

"आठवतो. पण आठवण हा पुरावा नाही. लोकांची मी कधी धरली नाही, मग माझी कशी धरू?"

काकू ओल्या हातांनी दारात आल्या. "अहो, माझं काही चुकलं का?"

"छे गं! किती स्वच्छ झालेत. आत्ता कुठे नीट दिसताहेत." काकांना खोटे बोलताना मी प्रथमच ऐकले.

दुसऱ्या दिवशी काकू आत चहा करीत असताना काकांनी बाईंना हलक्या आवाजात निकाल सांगितला: "नो सायंटिफिक व्हॅल्यू." बाईंनी उघडलेली नोंदवही मिटली.

मार्चमध्ये काका गेले. काकूंनी मला आठवण म्हणून एक अमोनाइट दिला. सवयीने मी तो उलटा केला. तळाशी नवी चिठ्ठी होती, थरथरत्या अक्षरांतली: 'प्राप्तिस्थान: अज्ञात. धुतला: पत्नीने, पिनर येथे.'

निघताना काकू म्हणाल्या, "कोरड्या फडक्यानेच पुसा हं. पाणी नका लावू."

त्यांना किती कळले होते, हे मी विचारले नाही.