आधी थांबा की आधी पोरी

सत्तरच्या दशकात फलटणच्या बाजूला एका गावात मी दारोदार हिंडत होते. सातवीनंतर मुलींची शाळा सोडवू नका, एवढंच माझं म्हणणं. नुकतीच बी. ए. होऊन साताऱ्याहून आलेली, अंगात नको तेवढा उत्साह. गावातली शाळा सातवीपर्यंतच. हायस्कूल फलटणला. एसटी गावावरूनच जायची, पण थांबायची नाही.

एका निवृत्त हवालदारांची मुलगी सातवीत पहिली आली होती. त्यांच्याकडे गेले तर म्हणाले, "आमी कुठं न्हाई म्हणतोय, बाई? पर यष्टी थांबत न्हाई. वयात आलेली पोर उसाच्या कडंनं चालत धाडू व्हय?"

म्हणून मी आगारात गेले. साहेब म्हणाले, "रोजचे प्रवासी दाखवा, थांबा देतो."

गावात परतले. हवालदार म्हणाले, "आधी थांबा दाखवा, पोरगी धाडतो."

सगळा उन्हाळा मी अशी इकडून तिकडे टोलवली गेले. साहेबही नम्र, हवालदारही नम्र. कुणी तोंडावर नाही म्हणालं असतं तर निदान भांडता आलं असतं. दोघंही मला चहा पाजायचे. त्या चहाचीच मला शिसारी बसली. बघता बघता हायस्कूल सुरू झालं आणि मुली घरीच.

हवालदारांच्या बायकोनं तोवर माझ्याशी शब्दही काढला नव्हता. एका सकाळी ती मुलीला घेऊन सडकेवर आली आणि गवताचा भारा आडवा टाकून त्यावर बसली. आणखी दोघी आया आपापल्या पोरी घेऊन तिच्या शेजारी बसल्या. एसटी करकचून थांबली.

"मरायचंय का, बाई?" ड्रायव्हर ओरडला.

"न्हाई. पोरीला शाळंत जायाचंय."

पोरी चढल्या. आठवडाभर हेच चाललं, तेव्हा कुठे आगाराला प्रवासी दिसले आणि थांबा मिळाला.

मला वाटलं, सुटले. पण पहिल्याच बाजारच्या दिवशी गावातले बाप्ये टोपल्या घेऊन आधी घुसले, एसटी भरून निघून गेली आणि पोरी दप्तरं घेऊन धुरळ्यात उभ्या. मी पुन्हा आगारात गेले. साहेब म्हणाले, "थांबा दिला की. आता आणखी काय?" मला तिथंच रडू कोसळलं, रागानं.

शेवटी आयांनीच बाजारच्या दिवशी थांब्यावर यायला सुरुवात केली. हवालदार धोतर सावरत पुढं झाले, तर त्यांची बायको म्हणाली, "आवं, मागं सरा. आधी पोरी."

ते सरले. कुरकुरत, पण सरले.

त्यांची मुलगी मॅट्रिक झाली. तिच्याबरोबरच्या एकीचं लग्न मात्र नववीतच लावलं. मी विचारायला गेले तेव्हा तिच्या वडिलांनी "स्थळ चांगलं हाय" म्हणत मला बसायला घोंगडी टाकली आणि आत चहा सांगितला.