नाव पुसलेला चेहरा

इशबेल रॅट्रे माझ्या शेजारच्या टेबलावर बसायची. स्कॉटलंडमधल्या डंडीच्या एका इस्पितळात तिने बरीच वर्षं एक्स-रे काढले, मग प्रोग्रॅमिंग शिकली आणि आमच्याकडे आली. काम सांगायला सोपं होतं. इस्पितळातल्या स्कॅनवरून रुग्णाचं नाव, पत्ता, जन्मतारीख पुसून ते संशोधकांना द्यायचे. त्याचं सॉफ्टवेअर आम्ही लिहीत होतो.

डॉक्टर फर्गस लॅमंट डोळ्यामागच्या गाठींवर संशोधन करत होता. त्याला डोक्याचे स्कॅन हवे होते. पाठवण्याआधी इशबेल ते तपासायला बसली. एका स्कॅनचे काप, म्हणजे डोक्याच्या पातळ आडव्या छेदांची चित्रं, तिने एकावर एक रचली आणि पडद्यावर हळूहळू माणूस उभा राहिला. मोडून वाकडं बसलेलं नाक, पुढे आलेली हनुवटी. नाव कुठेच नव्हतं, पण तो डॉड पेट्री होता, तिच्या गल्लीतला बेकरीवाला.

तिने लगेच साहेबांना सांगितलं. पाठवणी थांबली. पण जे कळलं ते परत कसं करणार? डॉडने आजाराचं गल्लीत कुणाला कळू दिलं नव्हतं. बेकरीत तो नेहमीसारखी थट्टा करायचा आणि ही खाली मान घालून पाव घ्यायची. शेवटी तिने जाणंच सोडलं.

"कुणाच्या घरात चोरून डोकावल्यासारखं वाटतं गं," ती मला म्हणाली. "आणि मी तर दाराला कुलूप लावायला गेले होते."

मग तिने स्कॅनमधून चेहराच कापून टाकणारा प्रोग्रॅम लिहिला. फर्गस तणतणत आला. चेहऱ्याबरोबर डोळेही गेले होते. गाठ शोधायची कुठे? त्याचंही खरंच होतं.

बरेच दिवस ती वेगवेगळे मार्ग करून बघत होती. मग बैठकीत म्हणाली, स्कॅन बाहेर पाठवायचेच कशाला? ते इस्पितळातच राहू देत. फर्गसचा प्रोग्रॅम आत येईल, मोजमाप करेल आणि फक्त आकडे घेऊन जाईल. म्हणजे आमचं निम्मं काम पुन्हा पहिल्यापासून. फर्गस कुरकुरला, "जेवायला बोलावतेस आणि ताटाला हात लावू देत नाहीस."

"जेव की पोटभर," इशबेल म्हणाली. "ताट तेवढं घरी न्यायचं नाही."

ते सॉफ्टवेअर उभं राहायला वर्ष गेलं. त्या वसंतात टे नदीकाठी डॉड तिच्यासमोर आला. एका डोळ्यावर काळी पट्टी होती. माझ्या पावाला काय धाड भरली म्हणून येत नाहीस, असं त्याने विचारलं आणि मग आपणहून सगळं सांगितलं: गाठ, शस्त्रक्रिया, गेलेला डोळा. आपल्याला आधीच ठाऊक होतं हे तिला बोलता येत नव्हतं. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं.

"अगं पोरी, रडतेस काय? मी आहे ना अजून," म्हणत तोच तिची समजूत घालत राहिला.

त्या शनिवारी ती पाव आणायला गेली. सोमवारी मला म्हणाली, "आता त्याने स्वतः सांगितलंय. आता मी त्याच्याकडे बघू शकते."