काचेतला फोटो

नवी पेठेतल्या एका स्टुडिओत मी फोटोग्राफी शिकत होते. अ‍ॅपर्चर म्हणजे लेन्सचं तोंड किती उघडायचं, शटर म्हणजे उजेड किती वेळ आत घ्यायचा, हे तिथल्या सरांनीच शिकवलं. एका लग्नात नवरीच्या खोलीत पुरुषांना जाता येईना, म्हणून त्यांनी मला पाठवलं. आईच्या पदरात तोंड खुपसून रडणारी नवरी मी टिपली. पुढं तो फोटो मोठा होऊन दुकानाच्या काचेत लागला, खाली सरांचं नाव.

"सर, हा मी काढलाय की."

"कॅमेरा कुणाचा हाय?" ते हसले. "आन् शिकवलं कुणी?"

गिऱ्हाइकंही हसली. मी त्यांचा कॅमेरा टेबलावर ठेवून निघून आले. घरचे अजून म्हणतात, हिला काहीच तडीस नेता येत नाही.