गोड्या पाण्यावर मोजलेला ट्रक

फोनवर मुनीरचं नाव दिसलं म्हणून मी उचलता उचलताच म्हटलं, "कुठवर आलास बाबा?" पलीकडे त्याची बायको, रेहानाभाभी. "भाऊ, हे उठत नाहीत हो..." मी दुबईतच अल कुसैसला त्यांच्या घरी पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. झोपेतच गेला. डॉक्टर म्हणाले, हृदय. त्याला महिना होऊन गेला, आणि माझा गोंधळ कमी व्हायच्या ऐवजी वाढतोच आहे, म्हणून हे लिहायला बसलो.

दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कात आमचं दोघांचं वर्कशॉप. धंदा टँकर बांधायचा. ऑफिस माझ्याकडे, शॉप फ्लोअर मुनीरकडे. काही वर्षांपूर्वी एका थंड, डोंगराळ देशातून ऑर्डर आली. हिवाळ्यात रस्त्यावर बर्फ धरू नये म्हणून मिठाचं पाणी फवारत जाणारे ट्रक हवे होते. तेव्हापासून दर उन्हाळ्यात, बाहेर उभं राहवत नाही अशा दिवसांत, आमच्याकडे बर्फाची तयारी चालते. ट्रक पाठवायच्या आधी त्याची मोजणी करावी लागते. प्रत्येक नोझलखाली बादली ठेवायची, पंप चालू करायचा, ठरलेला वेळ झाला की बंद. मग बादल्यांचं वजन घ्यायचं आणि केबिनमधल्या स्क्रीनवरचा आकडा त्याच्याशी जुळेपर्यंत सेटिंग बदलत राहायचं. हे काम मुनीरचं. त्याची मुलगी सना चिडवायची, "अब्बा, यू हॅव नेव्हर ईव्हन सीन स्नो." हा म्हणायचा, "बर्फ त्यांनी बघावा, मी बादली बघतो."

आमचं भांडण एकाच गोष्टीवरून. मी म्हणायचो, मोजणी गोड्या पाण्यावर कर. मिठाचं पाणी जड असतं, तर तेवढा फरक हिशेबात धर, खलास. हा ऐकेल तर शपथ. मिठाच्या गोण्या स्वतः उचलून पिंपात ओतणार, स्वतः ढवळणार, हेल्परला हात लावू देणार नाही. मग सगळा फ्लोअर पांढरा, धुवायला अर्धा दिवस. "अरे आडमुठ्या, गंज चढतोय सगळ्याला," मी ओरडायचो. "चढू दे. मी दाभोळचा माणूस, मिठाला काय घाबरतो?" असा हट्टी की बोलायची सोय नाही, आणि मला तो भयंकर आवडायचा.

तो गेल्यापासून दर शुक्रवारी मी भाभींकडे जातो. त्या एकच विचारतात. "भाऊ, शेवटच्या आठवड्यात तुमच्याकडे काही बोलले का? दम लागतो, छातीत दुखतं... घरी तर एका शब्दाने नाही बोलले." मी नाही म्हणायचो, आणि ते खरंच होतं. त्यांच्या जिवाला तोच घोर लागला होता, की त्याला कळत होतं आणि त्याने लपवलं, की त्यालाही कळलं नाही.

मग त्याने मोजून ठेवलेला शेवटचा ट्रक जहाजावर चढवायची वेळ आली. गिऱ्हाइकाच्या माणसाला व्हिडिओ कॉलवर मोजणी बघायची होती. नवं मिठाचं पाणी बनवायला कशाला हवं, म्हणून दुसऱ्या टाकीतलं उरलेलं घेतलं आणि पंप लावला. प्रत्येक बादलीचं वजन स्क्रीनवरच्या आकड्यापेक्षा जास्त. एखादं नोझल बिघडलं असतं तर समजलो असतो, पण इथे सगळ्यांतून सारखंच जास्त येत होतं. डोकं चालेना. मुनीरचा ट्रक आणि चुकीचा? कॉल कसाबसा गुंडाळून मी त्याच्या पिंपाकडे गेलो. पिंप आतून कोरडं ठणठणीत, आणि या ट्रकसाठी आणलेल्या मिठाच्या गोण्यांची शिवण तशीच. म्हणजे त्याने मोजणी गोड्या पाण्यावर केली होती, आणि फरक धरायचा राहून गेला होता. आधी मला त्याचा राग आला, खोटं कशाला बोलू. मग तिथेच गोणीवर बसलो आणि भीती वाटली.

भाभींना सांगावं की नाही, चार दिवस ठरेना. सांगितलं तर त्यांचा घोर वाढणार, आणि न सांगता त्यांच्या प्रश्नाला "नाही" म्हणणं आता जमणार नव्हतं. शेवटी शुक्रवारी चहाचा कप हातात घेऊन सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं. म्हणाल्या, "म्हणजे गोण्या उचलवत नव्हत्या त्यांना."

"तसं नाही भाभी," मी घाईने म्हटलं. "इतकी वर्षं मी मागे लागलो होतो. या वेळी माझं ऐकलं असेल."

"त्यांनी?" भाभी म्हणाल्या. "तुमचं?"

चहा निवून गेला. सना आतून येऊन आमच्याकडे बघून परत गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या ट्रकच्या नव्या मोजणीसाठी मी मीठ कालवायला घेतलं. हेल्पर धावत आला, त्याला म्हटलं, राहू दे. भिंतीपासून पिंपापर्यंत जाताना ती गोणी मला दोनदा खाली टेकवावी लागली... आणि मुनीर माझ्यापेक्षा वयाने मोठा होता.