मॅडमचं 'आपण'

गंगापूर रोडवरच्या आमच्या रक्ततपासणीच्या लॅबमधल्या मोठ्या मॅडम रागावल्या की 'आपण' म्हणतात. "आपण कप विसळून ठेवतो ना?" म्हणजे मी ठेवलेला नसतो. "आपण फोनवर इतकं हसतो का?" म्हणजे मी हसलेली असते. या 'आपण'चा मला भारी वैताग यायचा. सरळ नाव घेऊन ओरडा की.

परवा माझ्याबरोबरच्या प्रियंकाने दोघांचं रक्त घेतलं आणि नळ्यांवर नावाच्या चिठ्ठ्या नंतर लावायला बसली. कुठली नळी कुणाची, तेच तिला आठवेना. एक पेशंट अजून बाकावरच होता, त्याचं रक्त पुन्हा घेतलं. दुसरे चांदवडहून लेकीकडे आलेले काका. ते उपाशीपोटी रक्त देऊन मिसळ खायला गेलेले.

"सॅम्पल खराब झालं म्हणून सांगू या?" प्रियंकाने मॅडमना रडवेलं होऊन विचारलं.

काका रिपोर्टचं विचारायला आले. मॅडमनी झालेला घोळ सरळ सांगितला, तसे तापलेच. "कुणी केलं हे?"

मला वाटलं, आता 'आपण' येणार.

"मी," मॅडम म्हणाल्या. "उद्या सकाळी मीच तुमच्या लेकीच्या घरी येऊन रक्त घेते."

काकांचा आवाज खाली आला. "या. पण लवकर या, मला भूक लय लागते."

ते गेल्यावर मॅडम प्रियंकाकडे वळल्या. "आपण चिठ्ठी कधी लावतो?"

"पेशंट समोर असतानाच."

तिच्या जिवात जीव आला, आणि माझ्याही. चहानंतर सगळ्यांचे कप मी विसळले. मॅडमचाही. तो त्यांनी टेबलावर तसाच ठेवला होता.