एका डबीतल्या केपा

दसरा, दुपारी साडेचार. देवळासमोर हजर: मी, बायको, शेजारच्या घरातला धाकटा चुलतभाऊ, पालखीचे म्हातारे मानकरी आणि निम्मा गाव.

सीमोल्लंघनाला पालखी निघताना बार काढायचा मान आमच्या घरचा. ठासणीची बंदूक, शेतराखणीच्या परवान्यावरची. घोडा पडला की खालची टोपी, म्हणजे केप, फुटते आणि आतली दारू पेटते. चुलतभावाकडेही तसलीच बंदूक आहे. केपांची डबी आम्ही दोघांनी कोल्हापुरातून एकच आणली आणि निम्मी-निम्मी वाटली.

नळी आभाळाकडे धरून चाप ओढला. नुसता टक आवाज. थोडं थांबून केप बदलली. पुन्हा टक. तिसरीही तशीच.

"पालखी खोळंबलीया," मानकरी चुलतभावाला म्हणाले, "तू उडीव की."

त्याचा पहिल्याच घोड्याला बार. आपट्याचं पहिलं पान त्याच्या हातावर पडलं. माझ्या हातावर पडायचं ते.

"चांगल्या केपा ह्यानं आधीच निवडून घेतल्या," मी मानकऱ्यांना म्हणालो. मोठ्यानं. बायकोनं माझी बाही ओढली, तरी म्हणालो.

घरी येऊन नळीतली दारू जपून काढली. सकाळी उरलेल्या केपा ताटात मांडल्या. एकही गंजलेली नाही की चेपलेली नाही. ताट आणि बंदूक घेऊन तसाच त्याच्याकडे गेलो. "बदलून दे."

त्यानं आपली डबी पुढं केली. दोन्ही बंदुका रिकाम्या. त्याची केप माझ्या बंदुकीवर लावली. टक. माझी त्याच्या बंदुकीवर लावली. फाडकन फुटली.

त्यानं माझ्या बंदुकीत केप बसते तिथं चिंधी फिरवली. ती तेलानं भिजून आली.

"दादा, केपा बेस हाईत. खंडेनवमीला तू बंदुकीला तेलानं आंघूळ घातलीस. मीबी घालतो, पण दारू भरायच्या आधी पुसून घेतो आन् दोन केपा रिकाम्याच फोडतो. ऱ्हायलेलं तेल जळून जातंय."

पूजेच्या यादीत 'तेल' मी पहिलं लिहिलं होतं आणि सढळ हातानं ओतलं होतं.

"मग सांगायचं न्हाई व्हय?"

"तू इचारतोस कवा? तुला सगळं येतंय की!"

त्याच्या चौकटीला ते पान खोचलेलं होतं. येताना मी तिकडे बघितलं नाही.

मानकऱ्यांचं घर चार दारं सोडून आहे. केपा चांगल्या होत्या, त्यानं काही निवडून घेतलं नव्हतं, एवढंच सांगायचं आहे. आज आठवा दिवस. अजून गेलेलो नाही.